स्टॉप लॉस सरकतो, कारण पोझिशनचं नाव बदलतं

प्रश्न थोडक्यात असा: डिचोलीत घरचा काजू कारखाना. कच्ची बी पश्चिम आफ्रिकेतून येते, पैसे डॉलरमध्ये द्यावे लागतात. ५०,००० डॉलरच्या एका खेपेसाठी एनएसईवर (नॅशनल स्टॉक एक्स्चेंज) डॉलर-रुपयाच्या फ्युचर्सचे, म्हणजे भाव आज ठरवून पुढच्या तारखेला हिशोब होणाऱ्या करारांचे, ५० लॉट घेतले (एक लॉट १,००० डॉलरचा). डॉलर अजून चढणार असं वाटलं म्हणून त्यावर आणखी ३० लॉट घेतले आणि त्यांना स्टॉप लॉस, म्हणजे ठरल्या भावाला सौदा आपोआप कापणारी ऑर्डर, लावला. भाव उतरला तसा स्टॉप खाली सरकवला, मग पुन्हा सरकवला, शेवटी काढूनच टाकला. आता ते ३० लॉट ७० पैसे तोट्यात आहेत आणि ‘पुढच्या खेपेला उपयोगी पडतील’ म्हणून ठेवलेत. विचारणा तीन: शिस्त कशी लागेल, स्टॉप किती पैशांवर ठेवावा, आणि डेमो खात्यावर सराव केला तर फरक पडेल का.

मी बरीच वर्षं मुंबईत एका बँकेच्या डीलिंग रूममध्ये होतो. आता फोंड्यात बसून लहान आयातदार-निर्यातदारांचं डॉलरचं काम बघतो: काजूवाले, मासळीवाले, वेर्णा-कुंडईतले छोटे उद्योजक, अधूनमधून डॉलरमध्ये पगार येणारा एखादा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा. त्या अनुभवावर सांगतो, तुमची अडचण शिस्तीची आहे असं मला वाटत नाही. काजूबीच्या सौद्यात किलोमागे दोन रुपये जास्त मागितले तर तुम्ही उठून जात असणार. धंद्यात ज्याची ही तयारी असते त्याला बेशिस्त कसं म्हणायचं? अडचण अशी आहे की एका खात्यात तुम्ही दोन वेगळ्या जातीचे सौदे ठेवलेत आणि एक अंगावर आला की त्याला दुसऱ्याचं नाव देता. चालू होता तोवर ट्रेड (भावाच्या अंदाजावरचा सौदा), फसला की हेज (खऱ्या देण्याचं डॉलरच्या चढउतारापासून संरक्षण). सौद्याचं नाव असं बदलता येत असेल तर स्टॉपला काही अर्थच उरत नाही. मोडायला मग नियम शिल्लक राहतोच कुठे?

यात स्क्रीनचाही हात आहे. तुमच्या ॲपवर आत्ता एकच ओळ दिसत असेल: ८० लॉट, सरासरी भाव अमुक, तोटा तमुक. एक्स्चेंजला तुमचे ५० कुठले आणि ३० कुठले याच्याशी देणंघेणं नाही, त्याच महिन्याच्या करारातल्या सगळ्या खरेद्या तो एकत्र करून टाकतो. सरासरी भावाचा तो आकडा तुमच्या कुठल्याच निर्णयाचा नाही. तो बघून ना हेजबद्दल काही कळतं, ना ट्रेडबद्दल. पण सकाळी डोळे जातात त्याच आकड्याकडे.

तोटा लांबवायचा आणि नफा लवकर खिशात टाकायचा, या सवयीवर शेफ्रिन आणि स्टॅटमन या दोन अभ्यासकांनी १९८५ मध्ये लिहिलं आणि तिला नावही दिलं. नाव माहीत असून सकाळी अकरा वाजता स्क्रीनसमोर त्याचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून ते सोडतो.

पुढे जाण्याआधी नियमाचं बोलून घेऊ, कारण बऱ्याच जणांना तो अजून नीट माहीत नाही. ५ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात रिझर्व बँकेने स्पष्ट केलं की एक्स्चेंजवरचे रुपयातले चलन करार हे खऱ्या, पक्क्या झालेल्या परकीय चलन व्यवहाराच्या संरक्षणासाठी आहेत. आधी ते ५ एप्रिलपासून लागू होणार होतं, मग ३ मे २०२४ पासून झालं. १० कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण कागद दाखवायचे नाहीत म्हणजे व्यवहार नसला तरी चालेल असं नव्हे. त्यानंतर निव्वळ भावावर खेळणारे बाजारातून निघून गेले आणि उलाढाल आटली. तुमच्या ५० लॉटमागे खेप आहे, बिल आहे, ते बिनदिक्कत ठेवा. ३० लॉटमागे ‘पुढची खेप येईलच’ एवढंच आहे. तिचा करार झालेला नसेल तर ते लॉट तोट्यात आहेत की नफ्यात हा प्रश्न नंतरचा. ते मुळात असायलाच नकोत.

आता ५० लॉटकडे येऊ. तुमच्या लिहिण्यावरून मला शंका आहे की तिथेही स्टॉप लावायचा विचार डोक्यात घोळतोय. लावू नका. एक लॉट म्हणजे १,००० डॉलर, म्हणजे एका पैशाला एका लॉटमागे १० रुपये. डॉलर एक रुपयाने उतरला तर ५० लॉटवर ५०,००० रुपयांचा तोटा दिसेल, पण बीचे पैसे भरताना तेवढेच ५०,००० कमी लागतील. हा तोटा नाही, हिशोबाची एक बाजू आहे. हेज स्टॉपने कापली तर डॉलर खाली गेल्यावर तुम्ही उघडे पडता, आणि तिथून तो परत चढला की दोन्हीकडून मार खाता.

फ्युचर्समध्ये त्रास होतो तो वेगळ्या कारणाने. स्क्रीनवरच्या तोट्याचे पैसे रोजच्या रोज खात्यातून जातात आणि मालावर वाचलेले पैसे दीड-दोन महिन्यांनी हाती येतात. मधल्या काळात मार्जिनचा, म्हणजे दलालाकडची अनामत भरण्याचा, फोन आला की हेजसुद्धा ट्रेडसारखी छळू लागते. म्हणून मी माझ्या लोकांना हेज घेतानाच दोन रुपयांच्या उलट्या चालीएवढी रोकड वेगळी काढायला लावतो. ५० लॉटला ती १ लाख होते, आणि सुरुवातीचं मार्जिन त्याशिवाय. एवढी रोकड हंगामात अडकवणं परवडत नसेल तर फ्युचर्स सोडा आणि बँकेत फॉरवर्ड करार करा, म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलरचा भाव बँकेशी आजच ठरवा. बँक त्यात स्वतःचे काही पैसे घेते आणि तुमच्या पतमर्यादेतला थोडा भाग अडकतो, पण रोज पैसे जात नाहीत. शिवाय हातात बटण नसतं. ज्यांना स्क्रीन सोडवत नाही त्यांच्यासाठी मी हे दुसरं कारण मोठं मानतो.

मग स्टॉप लॉस लावायचा कुठे? जो भाग तुम्ही झाकला नाही, म्हणजे ज्यावर हेज घेतली नाही, त्यावर. बहुतेकांच्या हे लक्षात येत नाही. तुम्हाला ५०,००० डॉलर द्यायचे आहेत आणि तुम्ही एकही लॉट घेतला नाही, तरी तुमची पोझिशन आहेच: तुम्ही ५०,००० डॉलर विकून बसल्यासारखे आहात. डॉलर चढला की नुकसान. त्या पोझिशनला स्क्रीन नाही, तोट्याचा लाल आकडा नाही, म्हणून ती जाणवत नाही. अर्धा भाग झाकून अर्धा ‘बघू’ म्हणून ठेवणारे आयातदार मला दर आठवड्याला भेटतात. त्या ‘बघू’ला भाव लिहिलेला नसतो. डॉलर कुठे गेला की बघणं थांबवून झाकायचं, ही ती रेष. तुम्हाला हवी असलेली शिस्त शिकायला ही जागा उत्तम, कारण सौदा खरा असतो, नियमात बसतो आणि स्टॉप लागला की शेवट संरक्षणातच होतो.

किती पैशांवर, याचं उत्तर तक्त्यात नाही, तुमच्या कॉस्टिंगमध्ये आहे. हिशोब सोपा राहावा म्हणून भाव ८६.५० धरतो, आजचा वेगळा असेल. खेपेचं कॉस्टिंग तुम्ही ८६.५० ने केलं. २५,००० डॉलर झाकले, २५,००० उघडे ठेवले. आता स्वतःला विचारा: डॉलरच्या अंदाजापायी या खेपेच्या नफ्यातले किती पैसे गेले तरी चालतील? समजा २०,००० रुपये. २५ लॉटवर एका पैशाला २५० रुपये, म्हणजे ८० पैसे. रेष आली ८७.३० ला. त्या भावाला उरलेले २५ लॉट विकत घ्यायचे. आणि कॉस्टिंग असं सांगत असेल की ३० पैशांतच नफा संपतो, तर तुम्हाला उघडं राहणं परवडतच नाही. पहिल्याच दिवशी सगळं झाका आणि गरांच्या विक्रीकडे लक्ष द्या.

लोक नेमकं उलटं करतात. लॉट आधी ठरवतात, मग जेवढा तोटा सोसेल तेवढ्या अंतरावर स्टॉप खुपसतात. अंतर येतं १० पैसे. डॉलर-रुपया साध्या दिवशीही १० पैसे सहज हलतो, म्हणून दुपारच्या जेवणाआधी स्टॉप उडतो. असं दोन-तीनदा झालं की माणूस म्हणतो, स्टॉप लावला की नेमका तिथे जाऊन भाव परततो. त्याचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त कारण त्याच्या लॉटमध्ये आहे. ट्रेड असो की उघडा भाग, आधी भावाची रेष, मग त्या रेषेपर्यंतचं अंतर, आणि त्यावरून लॉट. अंतर वाढलं तर लॉट कमी. अनोळखी माणसाने विचारलं तर मी एवढंच सांगतो, कारण स्टॉप सरकवण्याच्या दहातल्या आठ गोष्टींचं मूळ मोठ्या लॉटमध्ये निघतं. २,००० रुपयांचा तोटा माणूस घेतो आणि विसरतो. २१,००० चा असला की त्याला वाद घालावासा वाटतो.

अंतर ठरवताना बाजाराचा स्वभावही बघावा लागतो, आणि तो बदलतो. २०२३ मध्ये वर्षभर डॉलर साधारण ८१ ते ८३.५० च्या पट्ट्यात फिरला. त्या काळात शिकलेल्या लोकांना १०-१५ पैशांचा स्टॉप पुरेसा वाटायचा. मग १० फेब्रुवारी २०२५ ला डॉलर ८८ च्या अगदी जवळ पोचला आणि दुसऱ्याच दिवशी ८७ च्या खाली बंद झाला. बाजारात सगळे रिझर्व बँकेच्या डॉलर विक्रीकडे बोट दाखवत होते. ‘आता नव्वदच’ म्हणून वरच्या भावाला लॉट घेतलेल्यांचं काय झालं असेल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. सध्या दिवसाला किती हालचाल होते हे मोजायला वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेली सरासरी ट्रू रेंज पुरते, ती प्रत्येक चार्टवर मिळते. १४ दिवसांचा आकडा बघा. रेष त्याच्या आत पडत असेल तर ती रेष म्हणजे नुसता गोंगाट.

दोन बारीक गोष्टी, ज्या शिकवणीवर्गात कुणी सांगत नाही. पहिली: ८७.०० सारख्या गोल आकड्यावर रेष ठेवू नका, सगळ्यांच्या ऑर्डरी तिथेच साचतात. थोडी पलीकडे ठेवा. दुसरी जास्त महत्त्वाची. पुढच्या महिन्याचा करार चालू महिन्यापेक्षा वरच्या भावाला असतो, कारण रुपयाचं व्याज डॉलरपेक्षा जास्त. हा फरक समजा १५ पैसे आहे. तुम्ही रेष चालू महिन्याच्या करारावर ८७.३० लिहिली आणि महिनाअखेरीस पुढच्या महिन्यात गेलात, तर तीच रेष तिथे ८७.४५ होते. हे न करता जुनाच आकडा टाकला तर डॉलर तसूभर न हलता स्टॉप जवळ येतो. चालू करार महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसाआधी दोन कामाचे दिवस, दुपारी साडेबाराला संपतो, हेही वहीत लिहून ठेवा. दूरच्या महिन्यांत हल्ली खरेदी-विक्रीच्या भावात एवढी फट असते की तिथे स्टॉप लावण्यापेक्षा जवळच्या महिन्यात राहून पुढे सरकणं बरं.

आता सरकवण्याच्या सवयीकडे. आपल्या एक्स्चेंजवर स्टॉपची ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते. संध्याकाळी पाचला बाजार बंद झाला की ती रद्द, सकाळी नऊला पुन्हा टाकायची. काही दलाल जास्त दिवस टिकणारी ऑर्डर देतात, पण ती त्यांच्या यंत्रणेत बसलेली असते, एक्स्चेंजच्या नाही, आणि चलनासाठी ती चालते का ते विचारून घ्यावं लागतं. याचा अर्थ असा की तुम्ही स्टॉप एकदा ठरवत नाही, रोज सकाळी ठरवता. चहा पिता पिता, कालचा भाव बघून, रात्री अमेरिकेत काय झालं ते वाचून. रोज सकाळी तोच निर्णय नव्याने घ्यायला लावला तर कुणाचाही हात एखाद्या दिवशी ढिला पडेल.

बँकेत यावर उपाय स्वभावाचा नव्हता, खुर्च्यांचा होता. सौदा करणारा एका टेबलावर, मर्यादा सांभाळणारा दुसऱ्या. डीलरला स्वतःची मर्यादा बदलता यायची नाही. रेष ओलांडली की त्याच्या वरिष्ठाला फोन जायचा आणि पोझिशन कापायला कारण विचारलं जायचं नाही. न कापायला मात्र लेखी कारण लागायचं. तिथले लोक काही संत नव्हते. दुसरी खुर्ची होती म्हणून निभावलं.

तुमच्याकडे दुसरी खुर्ची आहे. कुंडईतल्या एका कारखान्यात आम्ही ती अशी बसवली: अकाउंटंटबाईंच्या टेबलामागच्या कपाटाच्या दाराला आतून एक छापील चिठ्ठी चिकटवलेली असते. त्यावर खेपेचा बिल नंबर, किती डॉलर, किती झाकले, किती उघडे, कुठल्या महिन्याचा करार, रेष, आणि खाली मालकांची सही व तारीख. सकाळी नऊला बाई दलालाच्या डीलिंग डेस्कला फोन करतात आणि चिठ्ठीवरचा भाव सांगतात. तो फोन रेकॉर्ड होतो. मालकांना रेष बदलायची असेल तर बंदी नाही, पण बाजार बंद झाल्यावर, नव्या चिठ्ठीवर, कारण लिहून आणि पुन्हा सही करून. जुनी चिठ्ठी फाडायची नाही, फाइलला लावायची. पहिल्या महिन्यात मालक दोनदा तणतणले. एकदा तर ‘माझे पैसे, माझा कारखाना’ इथपर्यंत गेलं. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘कारण काय लिहू, साहेब?’ साहेबांना लिहिण्यासारखं कारण सापडलं नाही.

मला विचाराल तर स्टॉपची खरी परीक्षा तीच: बदलण्याचं कारण कागदावर लिहिता येतं का. ‘पुरवठादाराने माल एक महिना पुढे ढकलला’ हे कारण आहे. ‘निम्म्या गरांना परदेशी गिऱ्हाईक मिळालं, डॉलर येणार आहेत’ हेही कारण आहे, आणि त्यात तर उघडा भागच कमी होतो. ‘डॉलर परत येईल असं वाटतंय’ हे लिहायला घेतलं की लिहिणाऱ्यालाच कसंतरी होतं. पासवर्ड मात्र कुणाला देऊ नका. अधिकृत माणूस म्हणून दलालाकडे नाव नोंदवा, म्हणजे बाईंनाही नंतर त्रास नको.

स्टॉप लागल्यानंतरचं थोडं सांगतो, कारण पुढची बेशिस्त तिथे जन्मते. ८७.३० ला तुम्ही उरलेला भाग झाकलात आणि आठवड्यात डॉलर ८६.४० झाला. २५ लॉटवर २२,५०० रुपये ‘उगाच’ गेल्यासारखे वाटतील. घरात कुणीतरी म्हणेलही. अशा वेळी झाकलेला भाग परत उघडायचा मोह होतो, वरून अजून उतरेल अशी आशा. माझ्याकडे याला सरळ नकार आहे: एका खेपेवर स्टॉप एकदाच. लागला, झाकला, त्या खेपेचा डॉलर विषय बंद. पुढच्या खेपेला पुन्हा विचार करू. हा नियम प्रत्येक वेळी फायद्याचा ठरतो असा माझा दावा नाही. कधीकधी तो सरळसरळ पैसे घालवतो. पण उघडझाप करणाऱ्यांची वर्षअखेरची वही मी पाहिलेली आहे.

आणि स्टॉप लावला म्हणजे त्याच भावाला सुटका होईल, ही समजूतही आधीच काढून टाका. आपला बाजार नऊ ते पाच. अमेरिकेतल्या नोकऱ्यांचा मासिक आकडा आपल्याकडे संध्याकाळी सहाला, त्यांच्या हिवाळ्यात सातला येतो. फेडरल रिझर्वचा व्याजदराचा निर्णय रात्री साडेअकराला किंवा साडेबाराला. तुमची ऑर्डर तेव्हा अस्तित्वातच नसते. सकाळी भाव रेषेपलीकडेच उघडतो. तुम्ही ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर जागी होते) ८७.३० आणि लिमिट (ज्याहून महाग घ्यायचं नाही तो भाव) ८७.३५ ठेवलंय, बाजार उघडला ८७.५० ला, तर ऑर्डर जागी होईल आणि ८७.३५ वर नुसती उभी राहील, सौदा होणार नाही. अशा सकाळसाठी चिठ्ठीवर आधीच एक ओळ असू द्या. आमच्याकडे ती अशी: सव्वानऊपर्यंत सौदा झाला नाही तर असेल त्या भावाला निम्मे, साडेदहापर्यंत उरलेले. वेळा तुमच्या तुम्ही ठरवा, ओळ मात्र हवी. रिझर्व बँकेच्या पतधोरणाच्या दिवशी दहा वाजता गव्हर्नरांचं निवेदन सुरू होतं, त्या दिवशी दहाच्या आधी हे उरकलेलं बरं.

फट किती मोठी असू शकते याचं जगातलं गाजलेलं उदाहरण स्वित्झर्लंडचं. तिथल्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ पासून एका युरोचा भाव १.२० फ्रँकच्या खाली जाऊ दिला नव्हता. हजारो लोकांनी तेवढ्या भरवशावर युरो घेऊन १.२० च्या किंचित खाली स्टॉप ठेवले होते. १५ जानेवारी २०१५ ला बँकेने अचानक तो आधार काढून घेतला आणि काही मिनिटांत भाव १.०० च्या खाली गेला. मधल्या भावाला घेणाराच नव्हता, त्यामुळे स्टॉप कितीतरी खाली जाऊन सुटले. कितीएक खातेदारांचं जमा होतं त्याहून जास्त गेलं आणि काही दलालही बुडाले. रुपयात अशी उडी रोज येत नाही. पण लॉट ठरवताना तोटा रेषेवरच थांबेल असं न धरता, रेषेच्या दुप्पट गेला तर कारखान्याचा पगार निघेल का, हे एकदा बघा.

तुम्ही प्रश्नात ओझरता उल्लेख केलाय की मडगावचा एक मित्र परदेशी ॲपवर युरो-डॉलर करतो, तिथे ‘छोट्या पैशांत शिस्त शिकता येते’. तिकडे जाऊ नका. अशा प्लॅटफॉर्मवर मार्जिनसाठी पैसे पाठवणं फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही, आणि रिझर्व बँक सप्टेंबर २०२२ पासून अनधिकृत प्लॅटफॉर्मची सावधगिरीची यादी तिच्या संकेतस्थळावर ठेवते. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असंही नाही, हे तिथेच लिहिलेलं आहे. शेकडो पट उधारीवर चालणाऱ्या खात्यात स्टॉप कुठेही लावा, तो गोंगाटातच पडतो.

आता हातातल्या ३० लॉटचं. पुढच्या खेपेचा करार खरोखर झाला असेल, म्हणजे पुरवठादाराची सही, भाव, महिना सगळं कागदावर असेल, तर ते लॉट ठेवता येतील. पण वहीत एक काम करा: आजच्या बंद भावाला त्यांची हेज म्हणून नोंद घाला, आणि आजवरचे ७० पैसे, म्हणजे २१,००० रुपये, ‘ट्रेडमधला तोटा’ या खात्यात टाका. पुढच्या खेपेच्या कॉस्टिंगमध्ये ते शिरता कामा नयेत. शिरले तर तुम्ही गरांचा भाव चढा लावाल आणि गिऱ्हाईक वेंगुर्ल्याच्या कारखानदाराकडे जाईल. करार झालेला नसेल तर उद्या सकाळी नऊनंतर भाव स्थिरावला की ३० लॉट विकून टाका. दहा-दहा करून विका हवं तर, पण उद्याच.

तिसरा प्रश्न डेमोचा. ऑर्डर कशी टाकतात, ट्रिगर आणि लिमिट यात फरक काय, महिना कसा बदलतात, हे शिकायला डेमो चांगला. दोन दिवस पुरतात. स्टॉप न सरकवण्याचा सराव तिथे होत नाही, कारण खोट्या पैशांचा स्टॉप सरकवावासाच वाटत नाही. त्यापेक्षा पुढच्या खेपेत ४५ लॉट पहिल्या दिवशी घ्या, ५ उघडे ठेवा आणि त्या पाचांसाठी चिठ्ठी, रेष, सही, सकाळचा फोन हे सगळं पूर्ण करा. ८० पैशांची चूक झाली तरी ४,००० रुपये. त्या पाचांची चिठ्ठी खेप संपेपर्यंत एकदाही बदलली नाही तर त्यापुढच्या खेपेला दहा उघडे ठेवा. बदलली, तर पाचवरच राहा. आणि पाचवरच राहिलात तरी कारखान्याचं काही बिघडत नाही, उरलेले ४५ झाकलेले आहेतच.